मध्यम थकवा

उत्कर्षा वैरागडेला पीएच.डी. मिळाली की काय काय मिळणार होतं, ती यादी तिला तोंडपाठ होती. लोणी काळभोरहून वारज्याला यायला दोन बस आणि पावणेदोन तास लागतात. सात वर्षं रोज पावणेदोन तास मिळाले, तर माणूस याहून अवघड गोष्टीही पाठ करतो.

यादीत सगळ्यात वर कॉलेजातली कायम जागा. लोणीच्या त्या कॉलेजात ती मानसशास्त्र शिकवायची, पण तासावर. कायम प्राध्यापकांचं हजेरीपुस्तक प्राचार्यांच्या टेबलावर जाडजूड पुठ्ठ्यात असे. तासावरच्यांची वही शिपायाच्या स्टुलावर, चहाच्या कपाखाली. मे महिन्यात ती वही बंद होई आणि तिच्याबरोबर उत्कर्षाही बंद होई. ऑगस्टमध्ये एका जागेच्या मुलाखती होत्या, आणि अट एकच, हातात पदवी हवी. त्याखाली नवरा सुदर्शन. जागा मिळाली की तो चाकणच्या कंपनीतली तिसरी पाळी नाकारू शकणार होता. मग आर्वीहून दर रविवारी येणारा सासूबाईंचा फोन : "काऊन वं, झालं नाही का अजून तुयं?" तो बंद होणार होता, निदान विषय तरी बदलणार होता. 'डॉ.' हे अक्षर यादीत शेवटी होतं. शेजाऱ्यांना मात्र तेच पहिलं वाटायचं.

आणखी एक कलम होतं, ते ती कोणाला सांगत नसे. पदवी मिळाली की तिला उघडपणे थकता येणार होतं. निकाल न लागलेल्या माणसानं दमलो म्हटलं की लोक म्हणतात, अजून केलंय काय?

देण्याची बाजू तिनं मांडलीच नव्हती. सात वर्षांत मांडायला सवड झाली नाही असं ती म्हणे. खरं तर मांडण्याची हिंमत झाली नव्हती.

ज्या विद्यापीठात ती हे सगळं करत होती त्याचं नाव सांगत नाही. पुण्यात आता इतकी विद्यापीठं झाली आहेत की नाव न सांगितल्यानं कोणाचं अडत नाही. मानसशास्त्र विभागाच्या बोळात पिण्याच्या पाण्याचा कूलर, आणि कूलरच्या मागच्या भिंतीवर पाटी : 'पीएच.डी. अभ्यासक्रमाची उद्दिष्टे'. विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे प्रश्न विचारता यावा. पुराव्याकडे शंकेनं पाहता यावं. आपल्या निष्कर्षांची जबाबदारी घेता यावी. अशी सात. चौथ्यापासून पुढची कूलरआड गेली होती. ती वाचायची तर कूलर हलवावा लागला असता, आणि त्याला तीन सह्या लागल्या असत्या.

तिचे मार्गदर्शक डॉ. श्यामसुंदर लवाटे. येत्या जूनअखेर निवृत्त होणार होते. सदाशिव पेठेत जन्म, तिथंच शाळा, तिथंच सासुरवाडी. त्यामुळे बोलणं मोजकं आणि मोजलेलं. विद्यार्थी म्हणाला, "सर, पाच मिनिटं आहेत का?" की ते घड्याळ पाहून म्हणत, "आहेत. आपल्याला दिली तर राहणार नाहीत." त्यांचं नाव होतं ते 'लवाटे थकवा मापनी'मुळे. चोवीस विधानं, प्रत्येकापुढे पाच रकाने : नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. 'दिवसभर अंग जड वाटतं' याला 'नेहमी' म्हटलं की पाच गुण. 'सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटतं' याला 'नेहमी' म्हटलं तर एक. कारण जो ताजातवाना उठतो तो दमलेला कसा? अशी बारा विधानं सुलटी आणि बारा उलटी, सगळी एकमेकांत मिसळलेली. माणसानं न वाचता एकाच रकान्यात खुणा करत सुटू नये म्हणून ही युक्ती. कोणतं विधान सुलटं मोजायचं, कोणतं उलटं, हे लक्षात ठेवावं लागू नये म्हणून सोबत पिवळ्या पुठ्ठ्याची गुणपट्टी. उत्तरपत्रिकेवर ती ठेवायची. साध्या खिडकीतलं सुलटं मोजायचं, लाल चौकटीतलं उलटं. बेरीज चोवीस ते एकशेवीसच्या मध्ये कुठेतरी येते.

सरांचा आग्रह, की गुण हातानंच द्यायचे. "संगणक तुमच्या चुका वेगानं करतो. हातानं निदान सावकाश होतात." म्हणून सगळे विद्यार्थी पट्टीनं बेरीज करत आणि नुसती बेरीज संगणकात भरत. मापनी किती भरवशाची, त्याचा आकडा प्रत्येकानं हस्तपुस्तिकेतून उतरवला. स्वतः कोणी काढला नाही. सरांनी काढलेला आकडा पुन्हा काढायचा म्हणजे सरांवर अविश्वास, आणि सरांवर अविश्वास दाखवायला पहिल्या सहा वर्षांत कोणाला परवडत नाही.

या मापनीवर उत्कर्षाच्या आधी पाच जण डॉक्टर झाले. शाळेतल्या शिक्षिकांचा थकवा : मध्यम. बँकेतल्या कारकुनांचा : मध्यम. परिचारिका, मध्यम. वाहतूक पोलीस, मध्यम. बारावीतल्या मुलांच्या आया, मध्यम. इथं तरी कोणाला शंका यायला हवी होती. पण सरांनी त्यातून 'मराठी माणसाची सोशिकता' हा विषय काढला, आणि त्यावर गावोगावच्या व्याख्यानमालांत ते बारा वर्षं बोलले. श्रोते खूश. आपण सोशिक आहोत हे ऐकायला पुण्यात लोक छत्री घेऊन येतात.

उत्कर्षाचा विषय होता घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्या बायका. तीनशे बारा बायका तिनं पायी, बसनं, उन्हातून हिंडून गाठल्या. निष्कर्ष : मध्यम. प्रबंध तयार होता. पंधरा मार्चला सादर करायचा. फेब्रुवारीच्या शेवटच्या बैठकीत समितीतल्या एका बाईंनी सुचवलं, "आकडे पुष्कळ झाले. एखादी जिवंत बाई घाला की. एकीचं सविस्तर वर्णन द्या, दोन पानं. टिपिकल मध्यम."

टिपिकल मध्यम म्हणून उत्कर्षानं प्रतिसादक क्रमांक एकशे सत्त्याऐंशी निवडली. गुण एकाहत्तर, जवळजवळ मध्यावर. नाव यमुनाबाई, राहणार खडकवासला, धरणाच्या अलीकडच्या वस्तीत.

यमुनाबाईंकडे ती दीड वर्षापूर्वी जाऊन आली होती. तेव्हा त्यांनी चहा केला, चोवीस विधानांना उत्तरं दिली, आणि उठताना पदर धरला. "बाई, एवडं इचारलं, तर निकाल तरी सांगा." प्रतिसादकाला निकाल सांगायचा नसतो, हे शिकवलेलं असतं. पण चहा प्यायलेला असतो. उत्कर्षानं तिथंच मांडीवर पट्टी ठेवली, बेरीज केली आणि सांगितलं, "मध्यम आहे हो. काळजीचं कारण नाही."

या खेपेस दार उघडायला वेळ लागला. यमुनाबाईंचा एक हात ओला होता, दुसऱ्यात परात. आत खाटेवर सासू, आठ वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली, आणि खोलीत डेटॉलचा वास. यमुनाबाईंचा चेहरा ओळखू यावा एवढाच उरला होता.

"या, बाई. बसा. दोन मिनिटात कूस बदलून येते त्येंची. दर दोन तासानं बदलाया लागती, न्हाय तर पाठ सडती."

"रात्रीसुद्धा?"

"रातीला पाठीला काय कळतंय, रात हाय म्हनून?"

उत्कर्षानं वही काढली. टिपिकल मध्यम बाईची दिनचर्या लिहायला सुरुवात केली आणि एका पानानंतर थांबली. पान भरलं होतं आणि यमुनाबाई अजून सकाळच्या नऊवरच होत्या.

"तुम्हाला मदतीला कोणी नाही? मागे तुम्ही नणंदेचं म्हणाला होता."

यमुनाबाई हसल्या. दात दिसले, हसू आतच राहिलं. "ती लोनी काळभोरला. ठरलं व्हतं की, वर्साचं दोन म्हैनं आईला ती न्येनार. गाडीबी सांगितली व्हती. मंग तुमी आलात."

"मी?"

"तुमी न्हाय का तपासलं? मध्यम म्हनलात. मालकानी नणंदेला फोन लावला. म्हनलं, बाई येऊन कागदावर मोजून गेल्या, इद्यापीठाच्या. हिला काय एवडं झालेलं न्हाय, मध्यमच हाय. नणंद म्हनली, मंग कशाला हालवायचं म्हातारीला? तवापासून मी दमले म्हनलं की समदे म्हनत्यात, मध्यम. पोरगंबी म्हनतंय. भितीवर लिवायचं ऱ्हायलंय न्हवं." मग पाहुणीचा चेहरा बघून स्वतःच घाईघाईनं म्हणाल्या, "तुमचा काय दोस? आलं तेच सांगितलं तुमी. च्या ठेवू?"

उत्कर्षानं चहा नको म्हटलं. या घरातला चहा तिला दीड वर्षापूर्वी महागात पडला होता, फक्त बिल दुसरीकडे गेलं होतं.

रविवारी सकाळी वारज्याच्या घरात जेवायच्या टेबलावर तिनं एकशे सत्त्याऐंशीची उत्तरपत्रिका काढली आणि पट्टी बाजूला ठेवून विधानं एकेक वाचायला लागली. सात वर्षांत हे तिनं पहिल्यांदा केलं. 'दुपारी निवांत पडायला मिळतं' : कधीच नाही. 'कारण नसताना रडू येतं' : नेहमी. 'कोणी बोलावलं तर जावंसं वाटतं' : कधीच नाही. मग तिनं पट्टी ठेवली आणि लाल चौकटी पाहिल्या. 'कारण नसताना रडू येतं' लाल चौकटीत. म्हणजे जितकी जास्त रडेल तितके गुण कमी. 'दुपारी निवांत पडायला मिळतं' साध्या खिडकीत. म्हणजे पडायला मिळत नाही, तर थकवा नाही.

मग चोवीसही तपासली. बारा चौकटी बरोबर, बारा चूक. जी बाई मरेस्तोवर दमली आहे तिला बारा विधानांवर पैकीच्या पैकी आणि बारांवर नीचांक, बेरीज मध्यम. जी अजिबात दमली नाही तिचंही तेच, उलट्या बाजूनं. लवाटेंची पट्टी कोणावरही ठेवा, खुर्चीवर ठेवली असती तरी उत्तर बहात्तरच्या आसपास आलं असतं.

बरोबर मोजल्यावर यमुनाबाईंचे गुण आले एकशे पंधरा. एकशेवीसपैकी.

सुदर्शन रात्रपाळी करून झोपला होता तो अकराला उठला. तिनं त्याला सांगितलं. तो कंपनीत तयार माल तपासायच्या विभागात होता, त्यामुळे चटकन समजला.

"म्हणजे मोजायचा गेजच चुकीचा."

"हो."

"आमच्याकडे गेज चुकला की लॉट परत घेतात. तुमच्याकडे?"

"आमच्याकडे लॉटला पीएच.डी. मिळाली आहे. पाच जणांना."

त्यानं चहात बिस्कीट बुडवलं, ते पडलं, ते चमच्यानं काढलं. "चूक कोणाची?"

"पट्टीची. म्हणजे सरांची."

"आणि वर्ष कोणाचं जाणार?"

उत्कर्षानं उत्तरपत्रिका आणि पट्टी उद्याच्या पिशवीत ठेवली.

सोमवारी ती लवाटे सरांच्या खोलीत गेली. निवृत्तीच्या आवराआवरीत सगळ्या खुर्च्यांवर गठ्ठे होते.

"या. बसा म्हणालो असतो, पण ज्ञानानं जागा अडवली आहे."

तिनं उभ्यानंच उत्तरपत्रिका, पट्टी आणि स्वतः तयार केलेला तक्ता टेबलावर ठेवला. सरांनी चष्मा बदलला. तक्ता वाचायला त्यांनी जितका वेळ घेतला तितका वेळ तो वाचायला लागत नव्हता.

"दुसरी आवृत्ती," ते शेवटी म्हणाले. "पहिल्या आवृत्तीत विधानं एका आड एक होती, सुलटं-उलटं, सुलटं-उलटं. लोकांच्या लक्षात यायला लागलं. म्हणून क्रम बदलला. कादंबरी निरगुडे तेव्हा माझ्याकडे पीएच.डी. करत होती, तिनं बदलला. छान बदलला. छापखान्यानं पट्टी जुनीच मारली. मुद्रितं तपासायची होती मी. मी तेव्हा नागपूरला एका चर्चासत्रात होतो. 'संशोधनातील अचूकता'. हसू नका."

"मी हसत नाही आहे, सर."

"हसला असतात तर बरं वाटलं असतं."

उत्कर्षाच्या तेव्हा लक्षात आलं. सर चकित झाले नव्हते. चूक कळलेल्या माणसाच्या कपाळावर जी आठी येते, ती आलीच नव्हती.

"सर, तुम्हाला माहीत होतं."

ते गठ्ठ्याची दोरी सोडवत बसले. "चौथ्या विद्यार्थ्याच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे एक परीक्षक आले होते. चहाच्या वेळी म्हणाले, लवाटे, तुमच्याकडे वाहतूक पोलीससुद्धा दमत नाही का हो? सगळे हसले. मीही हसलो. घरी गेलो आणि पट्टी काढली."

"मग?"

"मग त्या मुलाला नोकरीचं पत्र आलेलं होतं. त्याच्या मागची मुलगी सादर करायला निघाली होती, तिचं लग्न ठरलेलं. मग तुम्ही आलात, तासावरच्या. दर वेळी कोणाची ना कोणाची नोकरी दाराशी उभी. मी म्हटलं, कोणीतरी विचारेल. बाहेर कूलरमागे काय लिहिलंय? स्वतंत्रपणे प्रश्न विचारता यावा. अहो, पीएच.डी.चं सगळं शिक्षण एवढ्याचसाठी असतं, की एक दिवस विद्यार्थ्यानं दार लोटून यावं आणि गाईडला म्हणावं, तुम्ही चुकलात. मी वाट पाहिली. पाच जणांपैकी कोणी आलं नाही."

"आणि ते पाचही डॉक्टर झाले."

"झाले."

"मी आले, तर माझं वर्ष जाणार."

सरांनी दोरीची गुंडाळी केली. पुणेरी माणसाकडे एरवी प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. ते नसलं की तो नियम सांगतो. "आहे तसा सादर करू शकता. माझी सही तयार आहे. जुलैत तोंडी परीक्षा, ऑगस्टमध्ये मुलाखत. नंतर दुरुस्तीचा लेख लिहा, तुमच्या एकटीच्या नावानं. मी हरकत घेणार नाही. शिक्षण तुम्हाला आज मिळालं, वैरागडेबाई. पदवीचं खातं वेगळं असतं."

हे तो माणूस वाईट हेतूनं बोलत नव्हता. म्हणूनच ते जास्त अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात डॉ. कादंबरी निरगुडे यांनी तिला स्वतःच्या केबिनमध्ये बोलावलं. त्या विभागप्रमुख, लवाटे सरांच्या पहिल्या विद्यार्थिनी, शिक्षिकांचा थकवा मध्यम आहे हे जगाला प्रथम सांगणाऱ्या. ऑगस्टच्या मुलाखतीत त्यांची खुर्ची प्राचार्यांच्या शेजारी असणार होती.

"सरांचा फोन होता. बस गं. चहा घेशील? कोणाकोणाला दाखवलंस?"

"सरांना. आणि घरी."

"बरं झालं. हे बघ, मी तुला मोठ्या बहिणीच्या नात्यानं सांगते. तू सबमिट कर. जागा तुझीच आहे, मी इथं बसले आहे ना. कन्फर्म झालीस की काय ते करेक्शन-बिरेक्शन कर, आपण दोघी मिळून करू."

"मॅडम, कन्फर्म झाल्यावर माझ्या नावावर चुकीचा प्रबंध असेल. मग मी करेक्शन करीन का?"

कादंबरीबाईंनी साखरेचं पाकीट फाडलं. वीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःला हाच प्रश्न विचारायला हवा होता असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं. पण चेहऱ्यावर आलेलं सगळं टिकत नाही. "ते तुझं तू बघ. मी एवढंच म्हणते, ऑगस्टमध्ये माझ्यासमोर पदवीवाले दहा जण बसलेले असतील. बिनपदवीचीला मी कुठे बसवू?"

त्यात धमकी नव्हती. साधी बैठकव्यवस्था होती.

बसमध्ये उत्कर्षानं पुन्हा यादी काढली आणि पहिल्यांदाच दुसरी बाजू मांडायला घेतली. सात वर्षं. तीनशे बारा बायका, प्रत्येकीचा पाऊण तास. तो त्यांनी कोणाच्या तरी वाटचा काढून दिलेला. आहे तसं सादर केलं तर तीनशे बाराजणी मध्यम ठरणार होत्या, विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी, आणि कुठल्या कुठल्या घरांत तो शब्द कोणाकोणाच्या तोंडी जाणार होता. हडपसरला बस बदलताना ती इतकी दमली होती की रिकामी आलेली बस तिनं सोडून दिली. चढायचं कसं, हेच क्षणभर सुचलं नाही.

घरी आल्यावर सुदर्शनला एवढंच म्हणाली, "तिसरी पाळी अजून एक वर्ष."

"मला वाटलंच," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "दिवसा झोपायची सवय झाली आहे तशी."

पुन्हा मोजायचं तर मुदतवाढ हवी, कारण तिची नोंदणी मार्चअखेर संपत होती. मुदतवाढीच्या अर्जात 'विलंबाचे कारण' या सदराखाली चार चौकोन होते : प्रकृती, प्रसूती, कौटुंबिक जबाबदारी, इतर. सरांनी पेन काढलं, 'इतर'वर खूण केली आणि पुढच्या ओळीवर त्यांच्या सुरेख, शाळेत बक्षीस मिळालेल्या अक्षरात लिहिलं : 'मापनीच्या गुणपट्टीत चूक. जबाबदारी सर्वस्वी मार्गदर्शकाची.' सही केली, तारीख घातली. उत्कर्षाला सात वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याबद्दल गुरू हा शब्द मनात आला.

अर्ज घेऊन दोघं खाली कार्यालयात गेले. पीएच.डी. विभागाचे कारकून कोंडीराम यांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि बोटानं सरकवून परत केला.

"सर, 'इतर' नका करू."

"का हो? चौकोन आहे ना?"

"चौकोन आहे, पण 'इतर' समितीपुढे जातं. समिती बसणार जुलैत. मॅडमची नोंदणी संपते एकतीस मार्चला. मग मुदतवाढ कशाला द्यायची? नोंदणीच नाही. पुन्हा प्रवेश परीक्षेपासून."

"मग काय करायचं?"

"कौटुंबिक जबाबदारी," कोंडीराम म्हणाले. "ते इथंच मंजूर होतं. बायकांचं सगळं तेच असतं. मी तर छापील ठेवलंय."

"पण ते खरं नाही," उत्कर्षा म्हणाली.

"मॅडम, घरी कोणी असेल ना?"

सरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख होतं की सुटका, हे सांगणारी मापनी अजून कोणी केलेली नाही. त्यांनी नवीन अर्ज मागितला, तिच्याकडे पाहिलं, तिनं मान हलवल्यावर तिसऱ्या चौकोनावर खूण केली. म्हणजे कागदोपत्री आता असं झालं, की लवाटे सरांची पट्टी निर्दोष होती आणि वैरागडेबाईंना घरकामामुळे उशीर झाला.

कोंडीराम पहिला अर्ज फाडायला निघाले, तेवढ्यात सरांनी त्यांच्या हातातून तो काढून घेतला. जिना चढताना तो उत्कर्षाला दिला. "परिशिष्टात लावा. शेवटचं परिशिष्ट. तिथपर्यंत कोणी वाचत नाही, पण असतं." मग दोन पायऱ्यांनंतर, धाप लागल्यानं थांबून, "माझ्याकडे दुपारी वेळ असतो. तुम्ही आकडे सांगा, मी मांडतो."

खरोखरच मांडले. एप्रिलभर, दुपारी तीन ते पाच, ती विधान वाचे आणि ते गुण लिहीत. तीनशे बारांपैकी एकशे चाळीस बायका शंभराच्या वर निघाल्या. पहिल्या वीस जणींनंतर सरांनी चेष्टा करणं सोडलं. एकदा नुसते म्हणाले, "बारा वर्षं मी सोशिकतेवर बोललो. लोक टाळ्या वाजवत होते हो."

मेच्या सुरुवातीला, आकडे पुरे झाल्यावर, ती खडकवासल्याला गेली. एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून नेलं होतं : एकशेवीसपैकी एकशे पंधरा, अतितीव्र थकवा, आधीचा निकाल चुकीचा होता. खाली सही.

यमुनाबाईंनी कागद उलटसुलट पाहिला. "म्हंजी वाडलं?"

"वाढलं नाही. तेव्हाही एवढंच होतं. आम्ही चुकीचं मोजलं."

"आसं." त्या खाटेच्या कडेला टेकल्या. "म्हंजी मी खोटं बोलत न्हवते." हे त्या उत्कर्षाला सांगत नव्हत्या. मग एकदम व्यवहारावर आल्या. "मालकाला दावते. पर तुमी रोज लोनीला जाता न्हवं? नणंदेच्या हातात तुमीच द्या. माझ्या हातचा कागद तिला खरा वाटायचा न्हाय."

उत्कर्षानं त्या कागदाची नक्कल नणंदेला दिली, लोणीच्या बाजारातल्या त्यांच्या भांड्यांच्या दुकानात, गिऱ्हाइकं असताना. नणंदेनं आधी कागद पाहिला, मग गिऱ्हाइकांचे चेहरे. "दोन महिने आता जमायचं नाही हो बाई, पोराचं लग्न काढलंय. पंधरा दिवस नेते." आणि नेलं.

ऑगस्टमध्ये कॉलेजची जागा भरली गेली. पदवीवाले अकरा आले होते.

तेव्हा हिशेब असा लागला. लवाटे सर निवृत्त झाले. शाल, श्रीफळ आणि 'सोशिकतेचे भाष्यकार' असं लिहिलेलं मानपत्र घेऊन गेले. ते मानपत्र त्यांनी भिंतीवर लावलं नाही, एवढी रक्कम त्यांच्या नावे जमा धरावी. दुरुस्तीचा लेख दोघांच्या नावानं गेला आहे, अजून उत्तर नाही. आधीचे पाच डॉक्टर डॉक्टरच राहिले. कादंबरीबाईंचं काही गेलं नाही, फक्त स्टाफरूममध्ये उत्कर्षा आली की त्या हल्ली स्वतः उठून चहा सांगतात. उत्कर्षानं एक वर्ष आणि हातची एक जागा अशी किंमत भरली, सुदर्शननं तिसऱ्या पाळीच्या रात्री. तरी ते दोघं आपण कशासाठी भरतो आहोत हे जाणून भरत होते.

यमुनाबाईंनी मात्र कोणी न सांगता, कोणी न विचारता, दीड वर्ष भरलं होतं. दर दोन तासांनी एक कूस, मध्यम म्हणून. त्याची परतफेड पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी सकाळी नणंदेची गाडी म्हातारीला घेऊन परत आली, तेव्हा त्या ओट्यावर बसल्या बसल्या झोपल्या होत्या, आणि ड्रायव्हरला तीनदा हॉर्न वाजवावा लागला.